अर्धा श्वास मागे

१

संध्याकाळचे सात वाजत आले की याद्विगा इस्त्रीचं टेबल भिंतीजवळ ओढायची. इस्त्रीला कपडे असोत की नसोत. एकट्या बाईचे कपडे असून असून किती असणार? दोन ब्लाउज, टेबलावरची चादर, उशीचे अभ्रे. पण भिंतीला कान लावून नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही, बघणारं कुणी नसलं तरी. म्हणून हातात इस्त्री.

पोलंडमधल्या वूच शहरातल्या त्या इमारती म्हणजे कारखान्यात ओतून आणलेल्या भिंती एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या. शेजारी शिंकला तर इकडून 'जपा हं' म्हणावं, अशी एकेक भिंत. याद्विगाच्या भिंतीपलीकडे झेनॉनराव कुलेशा राहायचे, आणि सातला त्यांचा सिनेमा सुरू व्हायचा.

सिनेमा परदेशी, पण आवाज एकच. नायक, नायिका, पोलीस, तान्ह्या मुलाची आई, सगळ्यांचं बोलणं एकटा लेक्टर वाचणार. मूळ आवाज खाली बारीक चालू, आणि वर हा. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असो की 'पिस्तूल खाली ठेव', लेक्टर दोन्ही सारख्याच सपाट सुरात वाचतो. नटानं तोंड उघडलं की अर्धा श्वास थांबायचं आणि मग वाचायचं, ही त्याची कला. याद्विगा लहानपणापासून असेच सिनेमे बघत आली होती. आणि ज्यांचा आवाज ऐकत तिची अर्धी हयात गेली, ते लेक्टर नशिबानं भिंतीपलीकडेच राहायला आले होते.

पण आले तेव्हा आवाज गेलेला होता. घशाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. आता गळ्यात कायम मफलर, आणि संध्याकाळी आपल्याच आवाजातले जुने सिनेमे. लोक आरशात बघतात, हे कानानं बघायचे. शेवटी संगीत सुरू झालं की तो सपाट आवाज म्हणायचा, "वाचन, झेनॉन कुलेशा." मग याद्विगा इस्त्रीची वायर काढायची.

एका गुरुवारी सात वाजून गेले आणि भिंत गप्पच राहिली. याद्विगानं एकच अभ्रा चार वेळा फिरवला. शेवटी सुपाचं पातेलं उचललं आणि शेजारचं दार वाजवलं.

२

"मेला," झेनॉनराव दार उघडता उघडता म्हणाले. म्हणाले म्हणजे नुसते ओठ हलवले.

बाकीच्यांसाठी त्यांच्या खिशात लहान मुलांची ती पाटी असायची, लिहायचं आणि वरचा कागद उचलला की पुसलं जायचं, तसली. याद्विगासाठी पाटी लागत नव्हती. गिरणी बंद पडेपर्यंत ती मागावर होती. हजारभर मागांच्या खडखडाटात बायका ओठांवरच बोलायच्या: कुणाचं लग्न, कुणाचा नवरा पितो, मुकादम कुठल्या रांगेत पोचला. ते शिकलेलं विसरत नाही. फक्त आपली भाषा असावी लागते.

"अगंबाई! कोण मेलं?"

त्यांनी आत बोट दाखवलं. टेबलाखाली कॉम्प्युटरचा करडा डबा, आणि खोलीत जळक्या रबराचा वास.

"मंगळवारपासून घरघर लागली होती. आज सकाळी थोडा धूर सोडला आणि डोळे मिटले."

"आणि तुमचे सगळे सिनेमे?"

"त्याच्याच पोटात होते. दुरुस्तीवाल्याला दाखवलं. म्हणाला, काही निघत नाही."

तिनं सूप खोलगट ताटलीत ओतलं, वर शेपू भुरभुरला आणि चमचा त्यांच्या हातात दिला.

"बरं झालं," ते म्हणाले. "रोज आपलाच आवाज ऐकत बसायचं, हे काय लक्षण आहे? नवा घेतो. सिनेमा मूळ भाषेत बघेन, खाली अक्षरं येतात ती वाचेन. शांतपणे."

पण 'शांतपणे' म्हणताना त्यांची बोटं मफलरशी चाळा करत होती, हे याद्विगाच्या नजरेतून सुटलं नाही. आणि मग माझ्या संध्याकाळचं काय, हे काही तिच्यानं विचारवलं नाही.

"एकटे जाऊ नका खरेदीला," एवढंच म्हणाली. "मुका माणूस दिसला की लोक गळ्यात काहीही मारतात."

"तुम्ही बरोबर असलात तर त्यांना बोलायला मिळणार नाही, ते खरं."

३

दुकान इगा नावाच्या बाईंचं. कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले कॉम्प्युटर आणायचे, पुसूनबिसून विकायचे. अंगात दोन स्वेटर, एकावर एक, आणि हातात थर्मासचं झाकण.

"काय! करता! कॉम्प्युटरवर!" इगाबाई झेनॉनरावांच्या कानाशी ओरडल्या.

"त्यांना ऐकू येतं हो, बोलता येत नाही," याद्विगा म्हणाली.

झेनॉनरावांनी पाटीवर लिहून दाखवलं: 'यांचं उलट आहे.' इगाबाई हसल्या आणि त्यांचा आवाज खाली आला.

काम सिनेमा बघायचं, एवढंच. खेळ नको, कचेरी नको. त्यासाठी डबा साधा चालेल, इगाबाई म्हणाल्या, पैसे घालायचे ते मॉनिटरमध्ये घाला. तरी झेनॉनरावांनी प्रत्येक डबा चालू करायला लावला आणि डॉक्टर छातीला कान लावतात तसा त्याला कान लावला. हा शिट्टी मारतो. ह्याला दमा आहे. शेवटी एक छोटासा डबा निघाला, झोपलेल्या मांजरासारखा. तो बाजूला ठेवला.

मॉनिटरला वेळ लागला. चकचकीत काचेचे त्यांनी बघितलेच नाहीत. काळोखी प्रसंगात त्यात आपलंच थोबाड दिसतं, म्हणाले. इगाबाईंनी दिवा घालवून एकेकाचा काळा रंग दाखवला. बरेच काळे राखाडी निघाले. मग झेनॉनरावांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. त्यात एकच तुकडा होता, कुठल्याशा जुन्या सिनेमातला: बंदरावर बोटीची वाट बघत उभी असलेली गर्दी, आणि पुढे दोघं बोलताहेत.

ते त्या दोघांची तोंडं बघत होते. जन्मभर तोंडंच बघितली. ओठ उघडले की अर्धा श्वास, मग वाचायचं. दोन मॉनिटर पसंत पडले. एक लहान, जरा मंद. दुसरा मोठा आणि लख्ख.

"लहान पुरे," ते म्हणाले.

पण याद्विगा बघत होती मागच्या गर्दीकडे. लहान मॉनिटरवर मागची माणसं म्हणजे पिठाचे ठिपके. या मोठ्यात प्रत्येकाला नाक होतं, कोटाला बटणं होती, एकीच्या पिशवीतून पावाचं टोक डोकावत होतं.

"हाच घ्या. यात माणसं दिसतात."

"मागच्या माणसांकडे बघतं कोण?"

"मी बघते."

"ते सगळ्या इमारतीला माहीत आहे," ते म्हणाले, पण मोठाच घेतला. त्याला स्पीकर नव्हते. झेनॉनरावांनी हेडफोन उचलले. कानात घालून बघेन, कुणाला त्रास नको.

याद्विगा परतताना ट्रॅममध्ये खोकं मांडीवर धरून बसली होती. उद्यापासून भिंतीतून काही येणार नाही, हे तिनं मनाशी मान्य करून टाकलं होतं.

४

तरी सातला टेबल ओढलंच. सवय.

बराच वेळ काही नाही. पाइपातून पाणी गेलं. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली. आणि मग भिंतीतून, नेहमीच्या उंचीवर, नेहमीच्या सुरात, झेनॉन कुलेशांचा आवाज वाचायला लागला.

शब्द कळत नव्हते, पण आवाज ओळखायला शब्द कशाला हवेत? याद्विगाला एवढं बरं वाटलं की तिनं धुवायचे कपडेसुद्धा इस्त्री करून टाकले. बिचाऱ्यांना कुठूनतरी एखादा जुना सिनेमा मिळाला, हेडफोनचा कंटाळा आला, दुकानातून स्पीकर आणला असणार. सकाळी जिन्यात भेटले तेव्हा तिनं अभिनंदन केलं.

"काल ऐकला बरं का तुमचा आवाज! मिळाला वाटतं एखादा सिनेमा?"

झेनॉनराव थांबले. तिच्याकडे बघत राहिले. मग ओठ सावकाश हलले, लहान मुलाशी बोलावं तसे.

"काल मी हेडफोन लावून फ्रेंच सिनेमा बघितला. खाली अक्षरं होती. घरात स्पीकर नाही, माझा आवाज असलेलं काही नाही. असली थट्टा करू नये, याद्विगाबाई."

आणि पाठ फिरवून निघून गेले. ती हाक मारत राहिली, पण त्यांनी वळून बघितलं नाही.

५

याद्विगा काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हती. गिरणीत काम केलेली बाई. माग थांबल्यावरसुद्धा कानात तासभर खडखड चालू राहते, हे तिला माहीत होतं. ज्या आवाजाची इतकी वर्षं सवय, तो कान आपणहून तयार करत असतील. किंवा वरच्या मजल्यावरचा टीव्ही. झेनॉनरावांनी वाचलेले सिनेमे अजून लागतातच. ती वर जाऊन आली. दार बंद, पायपुसण्यावर जाहिरातींचे कागद साचलेले. वरची बाई मुलीकडे गेल्याला बरेच दिवस झाले, असं समोरची म्हणाली. मग काल खुर्ची कुणाची सरकली, हा प्रश्न याद्विगानं जिन्यातच सोडून दिला. एका वेळी एक.

त्या संध्याकाळी तिनं इस्त्री चालू केली, पण कान मात्र उघडपणे भिंतीला लावला.

"चहा गार झाला," आवाज म्हणाला.

"राहू दे," तोच आवाज म्हणाला.

"खिडकी लावून घे. गार लागेल."

"लावतो."

आणि पलीकडे खिडकी लागल्याचा आवाज आला. खरीखुरी खिडकी; ती अडकते, दोनदा ढकलावी लागते, तशी दोनदा ढकललेली.

हा कुठला सिनेमा? आणि दुसरीच एक गोष्ट तिला त्याहून जास्त सलायला लागली. लेक्टर स्वतःचं काही बोलत नसतो. आधी कुणीतरी बोलतं, मग तो वाचतो. झेनॉनरावांचे ओठ हलत असतील, एकट्या माणसाचे हलतातच, समजा त्यांचं 'राहू दे' आणि 'लावतो' त्यानं वाचलं. मग 'खिडकी लावून घे' हे कुणाचं?

"तिची इस्त्री जळतेय," आवाज सपाटपणे म्हणाला.

याद्विगानं खाली बघितलं. अभ्र्यावर तपकिरी त्रिकोण उठला होता आणि त्यातून धूर निघत होता.

६

दुसऱ्या दिवशी ती प्लमचा केक घेऊन गेली. माफी मागायला म्हणून. झेनॉनराव रागावून राहणाऱ्यातले नव्हते, केकसमोर तर नाहीच.

"काल खिडकी लावलीत ना तुम्ही? सात-साडेसातला?"

"लावली. का?"

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? मला वाटलं, लावावी." त्यांनी केकचा तुकडा मोडला. "तुम्ही खिडक्यांचीही नोंद ठेवता आता?"

"आज मी तुमच्याबरोबर सिनेमा बघणार," याद्विगा म्हणाली. "मॉनिटर माझ्या पसंतीचा आहे. एकदा बघू तरी द्या."

हेडफोन एकच, तो त्यांच्या कानात. तिला आवाज नकोच होता. ती खुर्ची ओढून बाजूला बसली, मागावर असायची तशी, नुसते डोळे उघडे. सिनेमा कुठल्याशा लग्नाचा होता. लांबलचक टेबल, द्राक्षाचा मांडव, भांडणारे दोन भाऊ. परक्या भाषेतले ओठ तिला वाचता येत नव्हते. कुणीतरी उलट्या बाजूनं विणलेलं कापड दाखवावं तसं वाटायचं. ती खालची अक्षरं वाचत होती. धाकटा भाऊ म्हणत होता, दारूत पाणी आहे.

आणि मग, सवयीनं, ती मागच्या माणसांकडे बघायला लागली.

मांडवाच्या टोकाला, टेबल जिथे संपतं तिथे, कुणीतरी उभं होतं. सगळे जेवत होते. ते जेवत नव्हतं. सगळे भावांकडे बघत होते. ते सरळ समोर बघत होतं. तिला नंतर तो चेहरा कितीही आठवून आठवेना, बाईचा की पुरुषाचा तेसुद्धा. फक्त ओठ आठवायचे. कारण ते ओठ तिला वाचता आले. ते आपल्या भाषेत हलत होते.

'आज दोघं आहेत.'

याद्विगानं मान वळवली. झेनॉनरावांचे डोळे पडद्यावर, चेहरा शांत, आणि ओठ हलत होते. अर्धा श्वास मागे.

'आज दोघं आहेत.'

भिंतीपलीकडे तिच्या स्वयंपाकघरात, जिथे कुणी नव्हतं, हेच वाक्य आता ऐकू येत असणार, हे तिला न ऐकता कळलं. तिनं हात पुढे करून मॉनिटरचं बटण दाबलं.

"अहो! भाऊ आता एकमेकांना मारणार होते!"

"तुम्ही ओठ हलवत होता."

"सवय आहे. खालची अक्षरं वाचत असेन."

"खाली लिहिलं होतं, दारूत पाणी आहे. तुम्ही ते वाचत नव्हता, झेनॉनराव."

त्यांनी खांदे उडवले.

७

ते विश्वास ठेवेनात, तेव्हा एकच उपाय उरला. सातला सिनेमा लावून ठेवायचा, दार ओढून घ्यायचं आणि तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसायचं. झेनॉनराव आले ते हसत. कोट घालून आले होते, जणू थिएटरात. तिनं लिंबाचा चहा ठेवला, खुर्च्या भिंतीशी लावल्या.

"मी इथे आहे, तर तिकडे कोण वाचणार?"

"तेच बघू या."

चहाची वाफ विरली. झेनॉनराव काहीतरी थट्टेचं बोलायला वळले, आणि भिंतीतून त्यांचा आवाज आला.

"गेला."

"कुठे?"

"तिच्याकडे."

"येईल."

"येईल. आवाज इथेच आहे त्याचा."

झेनॉनरावांचा हात मफलरवर गेला. याद्विगाला वाटलं, आता घाबरतील, उठून पळतील. पण त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते.

"मीच आहे तो," ते ओठांनी म्हणाले. "बघा, 'येईल' नंतर किती थांबलो. बरोबर अर्धा श्वास. हे दुसऱ्याला जमत नाही."

"उद्या तो मॉनिटर परत देऊ या."

"नाही."

"अहो, ऐकलंत ना काय बोलतात ते?"

"तुम्हाला नाही कळायचं, याद्विगाबाई. माणूस मेला तरी फोटो उरतो. माझं काय उरलं होतं? तो जुना डबा सगळं गिळून मेला. मी रोज उठतो, आरशात तोंड हलवतो, आणि काही येत नाही. आणि इथे भिंतीत मी आहे. तुम्ही रोज ऐकता. मी का नाही?"

"आणि तो दुसरा कोण, ज्याचं तुम्ही वाचताय?"



"लेक्टरनं ते विचारायचं नसतं," ते म्हणाले आणि उठले. परत जायला. याद्विगानं त्यांच्या कोटाची बाही धरली.

"तो आला की विचारू," भिंत म्हणाली.

"काय?"

"बाकीचं कधी देणार."

झेनॉनराव उभ्याचे खाली बसले. त्यांचा चेहरा कणकेसारखा झाला होता. त्यांनी मफलर दोन्ही हातांनी घट्ट धरला, जणू कुणी ओढत होतं. पण डोळे अजून भिंतीकडेच होते. याद्विगाला दिसत होतं, हा माणूस भितोय, आणि भीत भीत जाणार आहे.

तेव्हा तिची भीती संपली आणि राग आला. हातातला चहाचा चमचा तिनं भिंतीवर ठणाठण वाजवला, खालच्या बिऱ्हाडातला रेडिओ मोठा झाला की वाजवायची तसा.

"काय हो! लाज नाही वाटत आजारी माणसाच्या मागे लागायला? बोलायलाच कुणी हवंय ना तुम्हाला? मग मुक्याला कशाला धरता? मी आहे ना! सकाळपासून माझं तोंड बंद नसतं, ऐकायला कुणी नाही ही तर माझी ओरड आहे. सोडा त्यांना!"

भिंत गप्प झाली. पाइपातून पाणी गेलं. चमचा तिच्या हातात वाकला होता, आणि झेनॉनराव, डोळ्यांत पाणी तसंच, खांदे हलवून हसायला लागले होते, आवाजाशिवाय.

बऱ्याच वेळानं भिंतीतून आलं, अगदी हळू, "वाचन, झेनॉन कुलेशा."

त्यांनी मान खाली घातली. नाटक संपल्यावर नट घालतात तशी.

८

इगाबाईंनी कुरकुर न करता मॉनिटर बदलून दिला. तो लहान, मंद असलेला अजून तिथेच होता.

"मोठ्यात काय खोट निघाली?"

झेनॉनरावांनी पाटीवर लिहिलं: 'माणसं फार दिसतात.'

लहान मॉनिटरवर बंदरावरची गर्दी पुन्हा पिठाचे ठिपके झाली. याद्विगानं डोळे फाडफाडून बघितलं. कुठेही ओठ नव्हते. घरी आल्यावर त्यांनी तिच्यादेखत सिनेमा लावला, हेडफोन चढवला, आणि शेवटपर्यंत ओठ घट्ट मिटून बसले. या माणसानं आज आपला आवाज दुसऱ्यांदा गमावला आहे आणि या खेपेला स्वतःच्या हातानं, हे तिला समजत होतं. तिनं केकचा मोठा तुकडा त्यांच्याकडे सरकवला.

त्यानंतर भिंत गप्प झाली ती झालीच. सातला ती टेबल ओढायची, इस्त्री करायची. हळूहळू त्या शांततेचीही सवय होत होती. कधी इस्त्री करता करता बराच वेळ निघून गेलेला असायचा आणि घसा सुकलेला असायचा, खूप बोलल्यावर सुकतो तसा. खोलीतल्या हिटरनं होत असेल.

एका सकाळी दार वाजलं. झेनॉनराव, हातात घासूनपुसून आणलेलं तिचं सुपाचं पातेलं. बऱ्याच दिवसांनी चेहरा टवटवीत दिसत होता.

"नवा टीव्ही घेतलात, सांगितलं नाहीत!"

"टीव्ही? कुठला हो?"

"मग रेडिओ असेल. काल सातच्या सुमाराला. पहिल्यांदाच तुमच्याकडून भिंतीतून काही ऐकू आलं. बाई वाचत होती." त्यांचे ओठ भराभर हलत होते; धंद्यातली गोष्ट निघाली की हलायचे तसे. "बाई लेक्टर क्वचितच मिळते. आवाज चांगला होता. सपाट, कोरडा, उगाच नाटक नाही. मी हेडफोन काढून ऐकत बसलो. एवढंच, एक खोड होती तिला."

"कसली खोड?"

"मागे राहत नव्हती. आधीच वाचत होती. आधी तिचं वाक्य, मग मूळ. शिकवायला हवं कुणीतरी."

याद्विगाला काल संध्याकाळ आठवली. एकटी होती. टेबलावरची चादर होती इस्त्रीला. तोंड मिटलेलं होतं. तिला वाटत होतं, मिटलेलं होतं.

"काय वाचत होती?" तिनं विचारलं.

झेनॉनराव आठवून हसले.

"हेच. एक बाई दारात उभी राहून विचारते, काय वाचत होती."

पुढचा प्रश्न याद्विगाच्या ओठांपर्यंत आला होता. तिनं ओठ आत ओढून घेतले, वरून हाताचा तळवा घट्ट दाबून धरला, आणि तशीच उभी राहिली. झेनॉनराव तिच्या खांद्यावरून आत, स्वयंपाकघराकडे बघत होते. मान किंचित कलती करून, मधूनमधून हलवत. कुणी सावकाश, स्पष्ट बोलत असलं की आपण हलवतो तशी.